प्रतिसाद: बंद कंटेनरमध्ये पाणी आलं कुठून?

दाराचं रबर शाबूत, छताला भोक नाही, तरी वरची खोकी भिजली कशी, असा मूळ प्रश्न आहे. इथे बहुतेकांनी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या वाढवायला सांगितलंय. माझ्या मते आधी पॅलेट, म्हणजे मालाखालच्या लाकडी चौकटी, तपासा.

हिशोब करून बघा. 40 फुटी कंटेनरमधली हवा 30 अंश तापमानाची आणि 75 टक्के आर्द्रतेची धरली, तर तिच्यात जेमतेम दीड लिटर पाणी असतं. पण 400 किलो ओलसर लाकूड 30 टक्के ओलाव्यावरून 20 टक्क्यांवर आलं, की 30 लिटर पाणी सोडतं! दिवसा ती वाफ हवेत जाते आणि रात्री छताचा पत्रा 25 अंशांच्या खाली गेला की त्याला दव धरतं, तेच थेंब मालावर टपकतात. पॅलेटवर उष्णताप्रक्रियेचा शिक्का असला म्हणून ते कोरडं असतंच असं नाही, शिक्का फक्त किडीपुरता. ओलावामापकाच्या सुया लाकडात रोवून बघा, 20 च्या वर आकडा आला तर पॅलेट सरळ परत पाठवा. कंटेनरची प्लायवूडची फरशीही तपासा, धुतलेला कंटेनर कधीकधी पुरता वाळायच्या आधीच भरायला येतो.

शोषक लागतोच, पण लांबच्या प्रवासाला कॅल्शियम क्लोराइडचा घ्या, तो दमट हवेत स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पाणी ओढतो. आणि भरण्याआधी आत उभं राहून दारं बाहेरून लावून घ्या. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाऊसही येणार.