‘प्रेडिक्शन’ला काय म्हणावं: भाकीत, अंदाज की आडाखा? (लघुलहरींच्या निमित्ताने)

प्रश्न

नव्याने हॅम (हौशी रेडिओ) परवाना घेतलेल्यांसाठी मी एक मराठी टिपण लिहितो आहे. विषय व्होआकॅप. लघुलहरी, म्हणजे ‘शॉर्टवेव्ह’ रेडिओलहरी, कोणत्या महिन्यात, कोणत्या तासाला, कोणत्या बँडवर कुठवर पोहोचतील ते काढून देणारी ही आज्ञावली, मूळ फोर्ट्रान या जुन्या संगणकभाषेतली. लिनक्सवर ती चालवायची तर खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. साध्या मजकुराच्या एका फाइलमध्ये महिना, सौरडागांचा आकडा, दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश, अँटेना आणि बँड लिहायचे. मग टर्मिनलवर एक ओळ टाकली की दुसऱ्या फाइलमध्ये चोवीस तासांचं कोष्टक तयार.

हे सगळं मराठीत सांगता आलं. अडलं ते ‘प्रेडिक्शन’पाशी. पहिल्या मसुद्यात मी ‘भाकीत’ लिहिलं. तो वाचून एका मुलाने मुंबई–लंडनचं कोष्टक काढलं. 14 मेगाहर्ट्झचा आकडा 12 वाजताच्या ओळीत चांगला दिसला. जागतिक वेळेचे 12 म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, हेही त्याने बरोबर ओळखलं. तीन संध्याकाळी तो रेडिओपुढे बसला. काहीच लागलं नाही, आणि ‘भाकीत खोटं निघालं’ म्हणून त्याने तो नादच सोडला. आज्ञावली चुकली नव्हती. माझा शब्द चुकला, असं मला वाटतं. दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद 1

तुमची शंका रास्त आहे. ‘भाकीत’ हे ‘भाकणे’वरून आलं. ‘भाक देणे’ म्हणजे वचन देणे. तो रंग ‘भाकीत’लाही लागलेला आहे: ते एक तर खरं ठरतं, नाही तर खोटं. त्या मुलाने शब्दाचा अर्थ बरोबरच घेतला, असं म्हणावं लागेल.

‘होरा’ हा शब्द मला फार आवडतो. मूळ ग्रीक, अर्थ तास किंवा वेळ. तिथून संस्कृत ज्योतिषात आणि मग आपल्याकडे आला. तासातासाच्या कोष्टकाला तो किती शोभला असता! पण आज ‘होरा’ म्हटलं की कुंडलीच डोळ्यांपुढे येते, म्हणून सोडून देऊ. सरळ ‘अंदाज’ का नको? हवामानाचा अंदाज रोज चुकतो तरी त्यावर कुणी रुसत नाही.

प्रतिसाद 2

मी निवृत्त रेडिओ अभियंता. ‘अंदाज’लाही माझी हरकत आहे, आणि कारण शब्दात नाही, गणितात आहे.

हवामानाचा अंदाज उद्याचा असतो. व्होआकॅपला उद्या ठाऊकच नाही. तुम्ही तिला महिना देता, तारीख नाही. सौरडागांचा आकडाही त्या दिवशीचा द्यायचा नसतो, वर्षभराच्या सरासरीने गुळगुळीत केलेला द्यायचा असतो. जगभरच्या केंद्रांनी वर्षानुवर्षं आयनांबराकडे (लघुलहरींना परत जमिनीकडे वळवणारा वातावरणाचा वरचा थर) सरळ वर लहरी सोडून जी मोजणी केली, तिचं सार सांगणारे गुणांक या आज्ञावलीच्या पोटात आहेत. ती सांगते ते इतकंच: असा सूर्य आणि असा महिना असेल, तर त्या तासाला तीस दिवसांत परिस्थिती कशी विखुरलेली असते.

‘एमयूएफ’चंच घ्या. आपण ‘कमाल वापरण्याजोगी कंप्रता’ असं भाषांतर करतो (शाळेत ‘वारंवारता’ शिकवतात, विश्वकोश ‘कंप्रता’ म्हणतो, मला आटोपशीर म्हणून दुसरा बरा वाटतो). ‘कमाल’ वाचलं की वाटतं, त्याच्या वर काही जाणारच नाही. पण कोष्टकातला हा आकडा त्या महिन्याचा मध्यक असतो. महिन्यातले निम्मे दिवस खरी मर्यादा याच्या वर असते, निम्मे दिवस खाली. 14 मेगाहर्ट्झवर बसलात आणि कोष्टकातली एमयूएफही 14च असेल, तर ती नाणेफेक झाली! नव्वद टक्के दिवस चालेल अशी कंप्रता हवी तर ‘एफओटी’चा रकाना बघायचा. ही तीन अक्षरं फ्रेंच नावाची आहेत, त्यातल्या ‘टी’चा अर्थ ‘काम’. तिला मराठीत ‘कामाची कंप्रता’ म्हणावं असं मला फार दिवस वाटतं. कमाल वेगळी आणि कामाची वेगळी, हे नावातच कळतं.

तेव्हा त्या मुलाला म्हणावं, तीन संध्याकाळींवरून महिना मोजू नये.

प्रतिसाद 3

हे वाचून मला आमच्याकडचा शब्द सुचवावासा वाटतो: आडाखा.

आम्ही खाडीकाठचे. भरतीची वेळ काढायला वडील तिथीला पाऊणने गुणत. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, त्यावर बसवलेला हा हिशेब. कुणी याला भाकीत म्हणत नसे, अंदाजही म्हणत नसे. ‘आपला आडाखा तीनचा आहे’ असं म्हणत. वारा जोराचा असला की पाणी थोडं मागेपुढे होई, त्याने आडाखा खोटा ठरत नसे.

तुमच्या आज्ञावलीत चंद्राच्या जागी सूर्य आहे आणि पाण्याच्या जागी आयनांबर. बाकी मला तरी फरक दिसत नाही. शिवाय आडाखा ‘बांधतात’. म्हणजे तो आकाशातून येत नाही, माणूस आधीच्या अनुभवावरून रचतो.

प्रश्नकर्ता

‘आडाखा’ मनात बसला. एक शंका आहे. आडाखा म्हटलं की बोटांवरचा ढोबळ हिशेब वाटतो. इथे तर अँटेनाचा झोत, किलोवॉट, परावर्तनाचा कोन, एवढं सगळं बारकाईने मोजलं जातं. त्याचा मान कमी होत नाही ना?

प्रतिसाद 2

हिशेब बारीक असूनही निष्कर्ष आडाखाच असू शकतो. उलट मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. तुमचं मत बदलेल असा रकाना दाखवतो: ‘रेल’, म्हणजे रिलायबिलिटी. समजा तिथे 0.80 आहे. अर्थ असा, की तुम्ही मागितलेला दर्जा तीसपैकी चोवीस दिवस मिळेल. ते चोवीस कोणते, हे आज्ञावली सांगत नाही आणि सांगितल्याचा आवही आणत नाही. ‘विश्वासार्हता’ हा शब्द इथे बोजड होतो, ‘भरवसा’ लिहा.

आणि ‘मागितलेला दर्जा’, म्हणजे नको त्या आवाजाच्या किती वर सिग्नल हवा, यावर टिपणात जास्त जागा द्या. मोर्सला थोडं भागतं, बोलण्याला जास्त लागतं. फाइलमध्ये मोर्सचा आकडा ठेवून माइक उचलला तर भरवसा कागदावरच राहतो. तुमच्या त्या मुलाची फाइल एकदा तपासा.

प्रतिसाद 1

‘सिग्नल टू नॉइज’मधल्या ‘नॉइज’साठी काय वापरता? ‘गोंगाट’ छापलेला पाहिला आहे, पण गोंगाट माणसं करतात. रेडिओत होते ती खरखर. रेडिओ सिलोन लावताना आमच्या घरात सगळे खरखरच म्हणत. हा शब्द घरोघरी आहे, तो टाकून दुसरा आणू नका.

तसंच ‘प्रॉपगेशन’ला ‘प्रसारण’ नको. प्रसारण आकाशवाणी करते. ते माणसाचं काम. लहर अँटेनातून सुटल्यावर तिचं जे होतं ते वेगळं.

प्रतिसाद 2

सहमत. 1927 साली खडकी आणि दौंड इथल्या केंद्रांमुळे भारत-ब्रिटन बिनतारी तारसेवा लघुलहरींवर सुरू झाली. तिथली यंत्रं, मनोरे, तारा हे सगळं माणसाच्या हातात होतं. पुढचे सात हजार किलोमीटर नव्हते. त्या पुढच्या भागाला मी ‘लहरींचा प्रवास’ म्हणतो. ‘तरंगप्रसार’ही चालेल, पण नवशिक्याला प्रवास चटकन दिसतो: वर जाणं, वळणं, खाली येणं, पुन्हा उसळणं.

व्होआकॅपच्या नावातलं ‘सी’ म्हणजे ‘कव्हरेज’. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या अमेरिकी सरकारी नभोवाणीला आपला आवाज कुठवर जातो ते बघायचं होतं, म्हणून आधीची आयनकॅप ही आज्ञावली सुधारून घेतली गेली. तिथे ‘व्याप्ती’ वगैरे न लिहिता ‘पोहोच’ लिहावं.

प्रतिसाद 3

लहर जिथे डोक्यावरून निघून जाते, जवळ ऐकू येत नाही आणि लांब ऐकू येते, त्या मधल्या पट्ट्याला काय म्हणता?

प्रश्नकर्ता

आम्ही ‘स्किप’च म्हणतो. मराठीत ‘मुका पट्टा’ लिहावं असं मनात आहे. कुणाला याहून बरा शब्द माहीत असेल तर जरूर सांगा.

त्या मुलाची फाइल पाहिली. दर्जाचा आकडा खरोखर मोर्सचा होता. तो बदलून पुन्हा चालवली तेव्हा 12 वाजताचा भरवसा बराच उतरला. टिपणातला परिच्छेद आता असा केला आहे:

‘हे कोष्टक म्हणजे महिन्याचा आडाखा आहे. एमयूएफ हा मध्यक आहे. निम्मे दिवस बँड त्याच्या वरही उघडा असतो. ज्या तासाला भरवसा 0.80 दिसेल, त्या तासाला महिन्यातल्या सुमारे चोवीस दिवशी खरखरीच्या वर आवाज येईल. कोणत्या दिवशी, ते रेडिओ लावूनच कळेल.’

प्रतिसाद 1

‘खरखरीच्या वर आवाज येईल’च्या आधी ‘मागितलेल्या दर्जाचा’ हे दोन शब्द घाला. नाही तर पुन्हा कुणी तीन संध्याकाळी बसेल.

प्रश्नकर्ता

घातले.