‘स्वीनी टॉड’ घरच्यांसोबत पाहावा का? सल्ला हवा आहे

मंगळवार पेठकर (धागाकर्ती)

नमस्कार. टिम बर्टन यांनी दिग्दर्शित केलेला २००७ सालचा ‘स्वीनी टॉड’ हा चित्रपट माझ्या १७ वर्षांच्या मुलीने सुचवला आहे आणि तो आजोबांसोबतच पाहायचा, असा तिचा आग्रह आहे. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. त्यांचे तारुण्य आपल्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात संगीत नाटके ऐकण्यात गेले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते नाट्यगृह आगीत जळाल्यापासून त्यांनी नाटकाचा विषय जवळजवळ सोडूनच दिला आहे. संगीतातून कथा सांगणारे काही तरी त्यांच्यासमोर पुन्हा यावे, असे मलाही मनापासून वाटते. परंतु या चित्रपटात गळे कापले जातात आणि रक्त अक्षरशः उडते, असे ऐकले आहे. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांनी कृपया सांगावे, की तिघांनी एकत्र बसून पाहण्याजोगा तो आहे का, आणि त्यातील संगीत वडिलांना भावेल का.

पेटीवादक

ताई, मी हा चित्रपट चार वेळा पाहिला आहे आणि वडिलांना तो अवश्य दाखवावा, असे माझे मत आहे. मात्र त्यांना आधी एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. आपल्या संगीत नाटकात पद सुरू झाले की कथा क्षणभर थांबते, भाव विस्तारतो, वन्स मोअर आला तर तेच पद पुन्हा रंगते आणि मग संवाद पुढे सरकतात. येथे तसे नाही. स्टीफन साँडहाइम यांनी १९७९ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या मूळ नाटकासाठी लिहिलेली ही गाणी म्हणजेच संवाद आहेत. खुनाचा बेत गाण्यात ठरतो, आणि खूनही गाण्यातच होतो.

कथा थोडक्यात अशी, की लंडनमधील एका न्हाव्याच्या पत्नीवर न्यायाधीशाची वाईट नजर जाते आणि तो त्या निरपराध माणसाला शिक्षा ठोठावून ऑस्ट्रेलियात पाठवतो. पंधरा वर्षांनी तो नाव बदलून परततो आणि आपले जुने चांदीचे वस्तरे हाती घेतो. पुढे न्यायाधीश दाढी करून घेण्यासाठी त्याच्याच खुर्चीत येऊन बसतो आणि दोघे मिळून स्त्रियांच्या सौंदर्यावर एक अतिशय हळुवार युगुलगीत गातात. वस्तरा गळ्यावर फिरत असतो, चाल मात्र लाटेसारखी संथ असते, आणि आता होईल, आता होईल, या विचाराने ऐकणाऱ्याचा श्वास कोंडतो. द्वंद्वगीतात दोन पात्रांची मने एकमेकांच्या विरुद्ध असूनही सूर एक असणे म्हणजे काय, हे मला आजवर कोठेही इतके स्पष्ट ऐकू आलेले नाही. तुमच्या वडिलांच्या कानाला ते नेमके कळेल.

एक उणीव मात्र सांगायला हवी. मूळ नाटकात आरंभी सारा नटसंच मिळून नायकाची कहाणी गातो, म्हणजे आपल्या नांदीची आणि सूत्रधाराची आठवण यावी असा तो प्रवेश आहे. चित्रपटात त्या समूहगीताचे शब्द गाळून केवळ वाद्यसंगीत ठेवले आहे. नायकाची भूमिका करणारे जॉनी डेप हे तालमीत तयार झालेले गायक नाहीत, त्यांचा आवाज पातळ आहे. ज्याने रंगमंचावरील भरदार आवाज ऐकला आहे त्याला तो खटकतो. मला स्वतःला तो आतून जळून गेलेल्या माणसाचा आवाज वाटतो.

राजारामपुरीची वाचक

मी स्पष्टपणे विरोधात मत देते. ब्रिटनमध्ये हा चित्रपट १८ वर्षांवरील प्रेक्षकांसाठीच प्रमाणित झाला होता, आणि त्याचे कारण केवळ रक्त नाही. नायकाच्या पत्नीवर झालेला अत्याचार, स्वतःच्या आश्रयाला असलेल्या मुलीवर न्यायाधीशाने टाकलेली वासनेची नजर आणि मेलेल्या गिऱ्हाइकांच्या मांसाच्या पाई भाजून विकणे, हे सारे आजोबा आणि नात यांनी शेजारी बसून पाहणे दोघांनाही अवघड होईल. खुर्ची उलटते आणि देह खालच्या तळघरात दगडी फरशीवर डोक्यावर आपटतो, तो आवाज माझ्या कानांतून अनेक दिवस गेला नाही.

पंचगंगाकाठ

वरील प्रतिसादातील काळजी मला मान्य आहे, तरीही एक मुद्दा मांडावासा वाटतो. सूड आणि रक्त आपल्या गावाच्या पडद्याला नवे नाही. बाबूराव पेंटर यांनी १९२० मध्ये ‘सैरंध्री’ येथेच घडवला आणि त्यातील कीचकाच्या वधाचे दृश्य इतके खरे उतरले होते, की सेन्सॉरने त्याला हरकत घेतली. त्याआधी खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ मध्ये आले आणि इंग्रज सरकारने ते बंद पाडले. तेथे प्रेक्षक भीमाच्या बाजूने असतो आणि कीचक मेला की त्याला समाधान मिळते. ‘स्वीनी टॉड’ ते समाधान हिरावून घेतो. न्यायाधीश हातून निसटल्यावर नायकाचा वस्तरा ज्यांनी त्याचे काहीही वाईट केलेले नाही अशा गिऱ्हाइकांच्या गळ्यावर चालू लागतो, आणि त्याच्यासाठी हळहळणारे आपण अचानक त्याला घाबरू लागतो. १७ वर्षांच्या मुलीने हे आईच्या सोबतीने पाहावे, असे मला वाटते. शेवट मी सांगत नाही. तो कोणाकडून आधी ऐकूही नका.

वडिलांसाठी दुसरा मार्गही आहे. जॉर्ज हर्न आणि अँजेला लान्सबरी यांचा याच नाटकाचा रंगमंचावरील प्रयोग चित्रित करून १९८२ मध्ये दूरचित्रवाणीवर दाखवला गेला होता. त्यात ते समूहगीत आहे, आवाज कसलेले आहेत, आणि रक्त रंगमंचावरचे असल्याने अंगावर येत नाही.

पेटीवादक

हा प्रयोग माझ्या लक्षात यायला हवा होता. सूचना उत्तम आहे. चित्रपट पाहणार असाल तर इंग्रजी उपशीर्षके अवश्य लावा, कारण शब्द फार वेगाने येतात. तो ११६ मिनिटांचा आहे, सलग पाहा. आणि रविवारच्या मटणाच्या जेवणानंतर लावू नका, हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतो आहे.

मंगळवार पेठकर (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. राजारामपुरीच्या ताईंचा प्रतिसाद मी वडिलांना आणि मुलीला वाचून दाखवला, आणि त्यानंतरही दोघांनी चित्रपटच निवडला. काल रात्री आम्ही तो पाहिला. ताईंनी सांगितलेल्या तळघराच्या दृश्यांना मुलीने माझा हात घट्ट धरला होता, आणि अत्याचाराच्या प्रसंगानंतर आम्ही चित्रपट थांबवून थोडा वेळ बोललो. दाढीच्या प्रसंगातील युगुलगीत वडिलांनी दोनदा मागे नेऊन ऐकले. परंतु मला सांगायचे आहे ते उत्तरार्धातील गाण्याविषयी, ज्यात नायक आपल्या दुरावलेल्या मुलीला आठवत अत्यंत शांतपणे गातो आणि गाता गाता एकामागून एक गिऱ्हाइकांचे गळे कापतो. वडिलांनी सवयीने मांडीवर ठेका धरला होता. पहिला वस्तरा फिरला तेव्हा त्यांचा हात थांबला, आणि ते गाणे संपेपर्यंत तो तसाच मांडीवर अधांतरी राहिला.

आज सकाळी चहाच्या वेळी त्यांनी १९८२ च्या प्रयोगाविषयी स्वतःहून विचारले. तो कोठे उपलब्ध आहे, हे कोणाला ठाऊक असल्यास कळवावे.