सोसायटीचं डोमेन नेमकं कोणाच्या नावावर?

बी-३०२: नमस्कार मंडळी. सोसायटीची साइट उघडली की सकाळपासून भलत्याच जाहिराती दिसताहेत. तक्रारीचे मेलही परत येताहेत. कुणी बघतंय, की नेहमीसारखं मीच बोलायचं?

डी-५०१: हॅक झालीय. डीएनएस कॅशे पॉयझनिंग! म्हणजे नावावरून साइटचा पत्ता सांगणाऱ्या डीएनएसच्या साठ्यात खोटा पत्ता घुसवलाय. मागच्या सभेत डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरावर डिजिटल सही) लावा म्हणून घसा कोरडा केला होता.

सी-२०३: डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे?

डी-५०१: २००८ मध्ये सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्कीने हे दाखवलं होतं. डीएनएसच्या प्रश्नाचा ओळखक्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यता. खोटी उत्तरं धडाधड पाठवली की एखादं बसतंच. माझ्या नव्या मशीनला तर डाव्या हातचा मळ.

ए-४०१: तेव्हापासून रिझॉल्व्हर (पत्ता शोधून देणारे सर्व्हर) सोर्स पोर्टही, म्हणजे प्रश्न ज्या पोर्टवरून जातो तोही, रँडम ठेवतात रे, अंदाज लागणं अवघड. शिवाय वायफाय, मोबाइल डेटा, सगळीकडे तेच पान दिसतंय. मी हूइज, म्हणजे डोमेनची जाहीर नोंद, बघितलं. नेमसर्व्हर (साइटचा पत्ता सांगणारे) रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, पार्किंगचे, म्हणजे जाहिरातींच्या पानाचे; स्टेटस ऑटो रिन्यू पीरियड. डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, मुदत संपलीय, बस. डॉट कॉमला रजिस्ट्रीत, म्हणजे मूळ नोंदवहीत, तारीख वर्षभर पुढची दिसते, तिला फसू नका.

माजी सचिव, ए-१०४: आमच्या काळात साइट एक दिवस बंद नव्हती. चार्ज देताना फाईल दिली आहे. कृपया नोंद घ्यावी.

सचिव: फाईल मिळाली, धन्यवाद. त्यात लिफ्टची एएमसी आहे. पासवर्ड नाही.

सी-२०३: कोणाच्या ईमेलवर आहे?

सी-१०१: ते नंतर. डी-५०१, रात्री बारानंतर तुमच्या मशीनचे पंखे आमच्याकडे ऐकू येतात. विमान उतरणार कधी?

डी-५०१: सोळा कोअर आहेत काका, गार ठेवावे लागतात. रॅम डीडीआर५, ६००० ची, चार स्टिक, १२८ जीबी.

ए-४०१: चार स्टिक? टास्क मॅनेजरमध्ये स्पीड किती दिसतो?

डी-५०१: ३६००. एक्स्पो (रॅम पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग) चालू केलं की बूट होत नाही. बायोस अपडेट आलं की होईल.

ए-४०१: मेमरी कंट्रोलरवर ताण येतो. दोनच मोठ्या घ्यायच्या होत्यास.

बी-३०२: साइट!!!

सी-२०३: डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे?

माजी सचिव, ए-१०४: माझ्या ऑफिसच्या ईमेलवर. मी निवृत्त झालो, त्यांनी तो बंद केला. यात माझा काय संबंध?

सचिव: काहीच नाही साहेब. मुदतीच्या महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी सूचना येतात, त्या तिकडेच गेल्या, एवढंच.

डी-५०१: तरी डीएनएससेक असतं तर...

ए-४०१: तर या जाहिरातीच सहीनिशी आल्या असत्या 😄 डीएनएससेक उत्तर वाटेत बदललं का ते तपासतं. डीएनएसच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, रूट झोनवर, २०१० पासून सही आहे. फी भरली की नाही, हे ते बघत नाही.

अध्यक्ष: शांत रहा. नाव गेलं का?

ए-४०१: अजून नाही. मुदतीनंतर रिन्यू करायला जास्तीत जास्त ४५ दिवस मिळतात, तेही रजिस्ट्रारच्या मर्जीवर. पुढे ३० दिवस रिडेम्प्शन (सोडवून घ्यायची शेवटची संधी), मग ५ दिवस पेंडिंग डिलीट (नाव पुसलं जायची वाट). त्यानंतर कुणीही उचलेल. आजच रजिस्ट्रारला लेटरहेडवर अर्ज पाठवा. खात्याला सोसायटीच्याच डोमेनचा ईमेल देऊ नका, डोमेन अडकलं की तोही अडकतो. टू-फॅक्टर, ट्रान्सफर लॉक, ऑटो रिन्यूअल, तिन्ही चालू करा.

माजी सचिव, ए-१०४: पासवर्ड किमान दोघांकडे असावा, असं सुचवतो.

सचिव: आभारी आहे. तेव्हाच सुचवलं असतंत तर.

सी-१०१: अर्जाचं होईल. पंख्यांचं काय?