परदेशात एकट्याने फिरताना पाकीट मारलं गेलं, तेव्हा… नाशिककरांचे अनुभव

पहाटेची गाडी पकडून मुंबईला व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन यायचं आणि महिन्याभरात एकट्याने युरोप गाठायचा, असे लोक आता आपल्या नाशिकमध्ये गल्लोगल्ली भेटतात. तिकीट, हॉटेल, फॉरेक्स यांची माहिती हवी तेवढी मिळते. पाकीट गेल्यावर पुढचे काही तास माणूस कसे काढतो, हे मात्र कोणी सांगत नाही. ज्यांचं गेलं ते गप्प बसतात, कारण घरी पहिला प्रश्न येतो, "लक्ष कुठे होतं तुझं?" तो प्रश्न या चर्चेच्या धाग्यावर कोणी कोणाला विचारू नये, ही कळकळीची विनंती. पर्वणीच्या दिवशी रामकुंडावरच्या गर्दीत वाढलेल्या माणसाचाही खिसा तिकडे कापला जातो. समोरचे लोक रोज तेच काम करतात. काय गेलं ते थोडक्यात लिहा. नंतर काय केलंत, कोणाला फोन केलात, रात्र कशी गेली, ते सविस्तर लिहा.

महात्मानगर, निवृत्त शिक्षिका

रोममधली ६४ नंबरची बस. तेर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनच्या बाजूला जाते, त्यामुळे प्रवाशांनी गच्च भरलेली असते. उतरले तेव्हा खांद्यावरच्या पर्सची चेन उघडी होती. पासपोर्ट आणि पाकीट, दोन्ही गेलं होतं. पायातलं बळच गेलं. एका दुकानाच्या पायरीवर बसले. आतल्या बाईंनी पाणी आणून दिलं. एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी त्या माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आल्या आणि पोलिसांकडे जायचा रस्ता दाखवला.

पोलिसांकडे लेखी तक्रार द्यायची, तिकडे तिला 'देनुन्चा' म्हणतात. शिक्क्याची प्रत हातात पडल्याशिवाय तिथून उठू नका. चोर सापडेल म्हणून नव्हे. पुढे दूतावास, विमा आणि इथे आल्यावर नवा पासपोर्ट, सगळीकडे तोच कागद मागतात. आपला दूतावास तेर्मिनीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पासपोर्टच्या पानांचे फोटो सुनेकडे होते, तिने लगेच पाठवले. त्यावर मला इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळालं. ते फक्त भारतात परत येण्यापुरतं असतं. व्हिसा जुन्या पासपोर्टबरोबरच गेला होता, त्यामुळे पुढचं स्वित्झर्लंड सोडून दिलं. वाटेत विमान बदलायचं असेल तर त्या देशात हे सर्टिफिकेट चालतं का, ते एअरलाइनला आधी विचारा.

थोडे युरो हॉटेलात बॅगेच्या तळाशी वेगळे ठेवले होते, त्यावर निभावलं. रात्र मात्र वाईट गेली. या वयात एकटीने यायलाच नको होतं, हेच डोक्यात. सकाळी सुनेचा फोन आला, "आई, कागद होईपर्यंत थांबायचंच आहे ना, मग तुम्ही रोम बघून घ्या." मी उठले, अंघोळ केली, चालत पॅन्थिऑनला गेले. घुमटाच्या गोल झरोक्यातून उन्हाचा कवडसा भिंतीवर सरकत होता, तो बघत बराच वेळ बसले. चोरीनंतर पोटभर जेवले ते त्या दुपारी.

इंदिरानगर, आयटीत नोकरी

ताई, सुनेचं वाक्य फार आवडलं.

माझा बार्सिलोनात फोन गेला. ला रांब्लाखालचं लिसेऊ मेट्रो स्टेशन, दार बंद होता होता. पासपोर्ट आणि कार्डं शाबूत होती, म्हणून आधी हायसं वाटलं. खरा प्रश्न संध्याकाळी कळला. फोन नाही म्हणजे ओटीपी नाही, ओटीपी नाही म्हणजे बँकेचं ॲप उघडत नाही, ईमेलसुद्धा नव्या मशीनवर खात्री मागतो. होस्टेलच्या रिसेप्शनवरच्या मुलाने त्याच्या फोनवरून घरी बोलू दिलं. बाबांचा नंबर पाठ होता, तेवढाच.

सिम बाबांच्या नावावर आहे. त्यांनी कॉलेज रोडला जाऊन जुनं बंद करून नवं काढलं. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, फसवणूक टाळायला तसा नियम आहे. तो एक दिवस खिशातल्या रोख पैशांवर, पाव आणि टोमॅटोवर काढला. दुसऱ्या दिवसापासून बाबा नाशिकहून ओटीपी वाचून दाखवायचे आणि मी होस्टेलच्या कॉम्प्युटरवर टाइप करायचो. सिम स्वतःच्या नावावर असेल तर घरच्यांना ते काढून मिळत नाही, हे निघण्याआधी बघून ठेवा.

पंचवटी

पॅरिस, मेट्रोची १ नंबरची लाइन. पाकीट गेलं. पैसे जेमतेम होते, पण कोणाचा तरी हात माझ्या जॅकेटच्या आत येऊन गेला, याची किळस जात नव्हती. मेट्रोत पाऊल टाकलं की छाती धडधडायची. मग मेट्रो सोडली, रोज चालले. पाठीमागून कोणी भरभर आलं तर बाजूला उभी राहून त्याला पुढे जाऊ द्यायचे.

आईला त्याच रात्री सांगितलं. ती म्हणाली, "जेवलीस का?" एवढंच. मग मी खूप रडले आणि मोकळी झाले.

आणखी एका गोष्टीने मला फार आधार दिला. २०१३च्या एप्रिलमध्ये लूव्रच्या कर्मचाऱ्यांनी खिसेकापूंच्या टोळ्यांना कंटाळून काम थांबवलं होतं, संग्रहालय दिवसभर बंद राहिलं. २०१५च्या मे महिन्यात आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनीही तेच केलं. जिथे रोज काम करणारी माणसंही हतबल होतात, तिथे पहिल्यांदाच आलेल्या मी स्वतःला वेंधळी का म्हणून घ्यावं?

पिंपळगाव बसवंत, द्राक्ष निर्यातदार

फेब्रुवारीत बर्लिनला फळांचं मोठं प्रदर्शन भरतं, त्याला गेलो होतो. अलेक्झांडरप्लाट्झला पाकीट गेलं. तिथे पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार करता येते. एक कार्ड बुटात होतं. दुपारी खरेदीदारांशी बैठक होती, ती केली. काम समोर होतं, म्हणून मन थाऱ्यावर राहिलं.

नाशिकरोड

मी प्रवासी नाही, बाप आहे. मुलगी मिलानला होती. फोन हातात होता, कार्डं गेली होती. बँकेचा १८००वाला नंबर तिला तिकडून लागेना, आणि परदेशातला नंबर कार्डाच्या मागे छापलेला, कार्ड तर गेलेलं. मी इथून बँकेला फोन लावला, तर ते म्हणाले, खातेदाराशीच बोलू. मग माझ्या फोनवर बँक, बायकोच्या फोनवर व्हॉट्सॲपवर मुलगी, दोन्ही स्पीकरवर ठेवून जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मुलीने जन्मतारीख वगैरे सांगितली, कार्डं बंद झाली. आपली चूक नसेल आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्रयस्थाने केलेल्या ऑनलाइन व्यवहारांचा भार ग्राहकावर पडत नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७मध्ये केला. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक मी लगेच वहीत लिहिला.

रागवायचं माझ्याही तोंडावर आलं होतं. बायकोने माझा हात दाबला. आता मुलगी पुन्हा जाते आहे. तिच्या सगळ्या बँकांचे परदेशातून लागणारे नंबर फ्रिजवर चिकटवलेत, तेच तिच्या बॅगेतही आहेत. ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार हवे तेव्हा बंद-चालू करता येतात, तेही शिकून घेतलं.

धागाकर्ती

काका, दोन फोनांची युक्ती लिहिलीत हे फार बरं झालं. आतापर्यंत सगळं युरोपचंच आलंय. बँकॉक, व्हिएतनाम, इस्तंबूलकडे कोणावर अशी वेळ आली असेल, तर जरूर लिहा. विम्याचे पैसे प्रत्यक्ष मिळाले असतील तर कोणते कागद लागले, तेही हवंय.