टीव्ही, साउंडबार, होम थिएटर आणि एकच रिमोट: तुमच्याकडे कसं जमलं ते लिहा

विलेपार्ले (धागा सुरू करतेय)

मंडळी, घरात मोठा टीव्ही असतो, खाली साउंडबार नाहीतर पाच स्पीकरवालं होम थिएटर, शिवाय डीटीएचचा बॉक्स, कुणाकडे टीव्हीच्या मागे लावायची ओटीटीची स्टिक, कुणाकडे प्लेस्टेशन, आणि टीपॉयवर रिमोटची रांग. हे सगळं लावून देणारा माणूस सकाळची लोकल पकडून गेला की घरी राहिलेल्यांना साधा आवाज वाढवता येत नाही. मला मनापासून वाटतं की घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला टीव्हीच्या एका रिमोटवर हे सगळं चालवता आलं पाहिजे, आणि ते जमतं, गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बऱ्याचशा टीव्हींमध्ये ती सोय असते, फक्त कुणी चालू करून दिलेली नसते. तर कुठली वायर कुठे लावली, कुठलं सेटिंग बदलल्यावर जमलं, ते लिहा. किमती आणि मॉडेल नकोत, पायऱ्या हव्यात.

गोरेगाव पूर्व

आमच्याकडे दिवसभर आईबाबा दोघंच, बाबांना कमी ऐकू येतं म्हणून साउंडबार घेतला. लावायला आलेल्या माणसाने ऑप्टिकल वायरने जोडून दिला आणि गेला. आवाज छान पण टीव्हीच्या रिमोटने वाढेना, साउंडबारचा रिमोट इवलासा, त्यावरची अक्षरं बाबांना दिसत नाहीत. ऑप्टिकल वायरमधून फक्त आवाज जातो, हुकूम जात नाही, म्हणजे टीव्ही साउंडबारला "आवाज वाढव" असं सांगूच शकत नाही. एचडीएमआयमध्ये १९ पिना असतात आणि त्यातली १३ नंबरची खास या हुकमांसाठी ठेवलीय, त्याला सीईसी म्हणतात. टीव्हीकडून आवाज उलटा साउंडबारकडे जातो ते एआरसी, ते २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलं. दोन्ही एकाच वायरीतून होतं.

मग केलं काय ते सांगतो. टीव्हीच्या मागे तीन-चार एचडीएमआय असतात पण एआरसी लिहिलेलं त्यातलं एकच असतं, त्यातच वायर घालायची, दुसऱ्यात घातली तर आवाज येत नाही. साउंडबारलाही जिथे एआरसी किंवा टीव्ही लिहिलंय तिथेच. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करायचं, आणि इथे खूप जण अडतात कारण तिथे सीईसी असं लिहिलेलंच नसतं. सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिम्प्लिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक, फिलिप्समध्ये इझीलिंक. साउंडबारच्या बाजूलाही ते चालू आहे ना बघायचं. शेवटी आवाज कुठून यायला हवा तिथे टीव्ही स्पीकर काढून एचडीएमआय एआरसी निवडायचं. आता बाबा टीव्ही लावतात की साउंडबार आपोआप चालू होतो, बंद केला की बंद. छोटा रिमोट खणात गेला.

लालबाग

आमचं प्रकरण जुनं आहे, डीव्हीडीच्या जमान्यातलं ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाचा स्पीकर) होम थिएटर, त्याला एचडीएमआय नाही आणि नव्या टीव्हीला लाल-पांढऱ्या पिनांचं आउटपुट नाही. पण स्पीकर इतके ठणठणीत आहेत की टाकवत नाहीत. लॅमिंग्टन रोडला जाऊन ऑप्टिकलमधून लाल-पांढरा आवाज काढणारी डबी आणली, तिला डॅक म्हणतात दुकानात. लावल्या लावल्या नुसती खरखर. तिथल्याच दुकानदाराने फोनवर सांगितलं की टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बिटस्ट्रीम किंवा ऑटो असेल ते काढून पीसीएम (साधा, न दाबलेला आवाज) करा, या साध्या डबीला डॉल्बीचा दाबून पाठवलेला आवाज उलगडता येत नाही. केलं आणि स्वच्छ आवाज आला. येतो दोनच चॅनलचा, पण होम थिएटरवर प्रो लॉजिक (दोन चॅनलचा आवाज सगळ्या स्पीकरांत वाटणारी सोय) आहे ते लावलं की मागचे स्पीकरही बोलतात. आवाज मात्र अजून होम थिएटरच्याच रिमोटने करावा लागतो, त्यावर काही उपाय असेल तर सांगा कुणीतरी.

कांदिवली, चारकोप

लालबागकर, टीव्हीला हेडफोनचं भोक असेल तर डबी बाजूला ठेवा आणि त्यातून थेट लाल-पांढऱ्या पिनांची साधी वायर टाकून बघा. हेडफोनचा आवाज टीव्हीच्या रिमोटने कमीजास्त होतो, तेव्हा होम थिएटरचा आवाज मध्यावर ठेवून द्यायचा आणि बाकी सगळं टीव्हीवरून. दर्जा डबीपेक्षा किंचित कमी वाटेल, पण घरच्यांची सोय मोठी.

आणि सगळ्यांसाठी एक. साउंडबार टीव्हीच्या अगदी पुढ्यात उभा ठेवला की टीव्हीचा खालचा सेन्सर झाकला जातो आणि लोक रिमोटचे सेल बदलत बसतात. दोन इंच खाली किंवा पुढे घ्या.

विलेपार्ले

डीटीएचच्या बॉक्सचं काय करता? आमचा बॉक्स सीईसीला दादच देत नाही, त्यामुळे दोन रिमोट राहतातच.

घाटकोपर पश्चिम

पार्लेकर ताई, बऱ्याच बॉक्सच्या रिमोटला टीव्हीची बटणं शिकवता येतात. दोन्ही रिमोट समोरासमोर धरायचे, शिकवायच्या मोडमध्ये जायचं (पद्धत बॉक्सबरोबरच्या कागदावर असते), आणि टीव्हीचं पॉवर आणि आवाजाची बटणं एकेक शिकवायची. मग बॉक्सच्या रिमोटने आवाज वाढवला की हुकूम टीव्हीला जातो, आणि टीव्ही तो सीईसीने साउंडबारला देतो. माझ्या सासूबाई आता हाच एक रिमोट वापरतात, मालिका लावतात, मॅच लावतात, कुणाला हाक मारत नाहीत.

मुलुंड

नवीन फ्लॅटचं काम चालू असलेल्यांनी हे नक्की वाचा. रिसीव्हर (स्पीकर आणि प्लेयर जिथे जोडतात तो होम थिएटरचा मुख्य डबा) कपाटात आणि टीव्ही समोरच्या भिंतीवर असेल तर एचडीएमआय भिंतीतल्या पाइपातून जाणार, आणि इलेक्ट्रिशियन टाकतो तो बारीक पाइप, ज्यातून एचडीएमआयचं तोंड जात नाही. रुंद पाइप टाकून घ्या, काटकोनी वळण देऊ नका आणि आत ओढायची दोरी सोडून ठेवा. लांब अंतराला तांब्याची वायर फोरकेला दगा देते, तेव्हा फायबरची एचडीएमआय घ्यावी लागते, आणि तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं. प्लास्टर व्हायच्या आधी जोडून, फोरके लावून, एआरसीचा आवाज येतोय ना ते बघा, कारण काही फायबर वायरींत एआरसी चालतच नाही.

दुसरं म्हणजे एआरसी आणि ईएआरसी (त्याचीच पुढची आवृत्ती) यांतला फरक. साध्या एआरसीतून डॉल्बी डिजिटल आणि ओटीटीवरचं ॲटमॉस (डॉल्बीचा वरूनही आवाज येतोय असं वाटायला लावणारा प्रकार) जातं, पण ब्लू-रेचं ट्रूएचडी (डॉल्बीचाच, दर्जा न घटवता दिलेला आवाज) जात नाही. त्याला ईएआरसी लागतं, ते २०१७ च्या एचडीएमआय २.१ मध्ये आलं आणि टीव्ही आणि रिसीव्हर दोघांकडे हवं. फक्त ओटीटी आणि केबल बघणाऱ्याने त्यासाठी नवीन टीव्ही घेऊ नये, स्पष्ट सांगतो. अजून एक, बरेच जुने टीव्ही दुसऱ्या एचडीएमआयला लावलेल्या प्लेयरचा ५.१ आवाज पुढे फक्त स्टिरिओ करून पाठवतात. तसं होत असेल तर प्लेयर थेट रिसीव्हरला लावा.

भांडुप

आमच्या बिल्डिंगमध्ये भिंती पातळ, शेजारी तान्हं बाळ, त्यामुळे रात्री १० नंतर आवाज वाढवणं बरोबर वाटत नाही, पण कमी केला की डायलॉग ऐकू येत नाहीत आणि मारामारी आली की घर हादरतं. साउंडबारमध्ये नाइट मोड असतो, तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक वर आणतो. तो लावा, सबवूफर खाली आणा, मधला स्पीकर वेगळा असेल तर त्याची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवा. सबवूफर शेजाऱ्यांच्या भिंतीपासून लांब आणि खाली जाड रबराची चटई टाकून ठेवला तर खालच्यांनाही त्रास कमी.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर आधी ब्लूटूथ बंद करून वायर लावा. वायरीवरही आवाज आधी आणि ओठ मागून असं होत असेल तर ऑडिओ डिले (आवाज मागे ढकलायचं सेटिंग) थोडा थोडा वाढवत जा.

दादर पश्चिम

लाइट जाऊन आली की टीव्ही आणि साउंडबार एकमेकांना ओळखतच नाहीत, पावसाळ्यात हे जास्त होतं. रिमोटने बंद-चालू करून उपयोग नाही. दोन्हीचे प्लग काढायचे, एचडीएमआयही काढायची, दोन-तीन मिनिटं थांबायचं, वायर परत घालायची, आधी टीव्ही लावायचा, तो पूर्ण चालू झाला की साउंडबार. मी या पायऱ्या मराठीत मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीच्या बाजूला चिकटवल्यात, आणि मागच्या प्रत्येक वायरीवर चिठ्ठी लावलीय, बॉक्स, स्टिक, साउंडबार. स्टिक मध्येच टीव्ही स्वतःकडे ओढत असेल, म्हणजे बातम्या चालू असताना एकदम तिचा पडदा येत असेल, तर स्टिकच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथलं सीईसी तेवढं बंद करा, साउंडबारचं चालूच राहू द्या.