शाईतली ऊसतोड : कष्ट दिसतात की नुसत्या रेघा?

फडकरी :
परवा एका प्रदर्शनात ऊसतोडीची पेन-इंकमधली चित्रं बघितली. हॅचिंग, म्हणजे बारीक समांतर रेघांनी केलेली छटा, एक नंबर, पाचटाचं पातं न् पातं काढलंय. पण बाई दरवेळी पाठमोरी, नाहीतर तोंड मोळीच्या सावलीत काळंभोर. मी कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत वाढलोय, माझे आईबाप मजूर आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून 'एक कोयता' होते, नाव नाहीच, आणि चित्रातही तेच बघून पोटात तुटलं. असं काढायचं तर काढूच नये, कष्टाचं डिझाईन होतं नुसतं.

बोरूवाला :
काढूच नये हे नाही पटलं दादा. उलट शाईच बरी. रंगात गेलं की हिरवागार फड, लाल लुगडं, आणि माणूस देखाव्यात हरवतो. डच चित्रकार व्हॅन गॉगनं १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्ल्सला बोरूनं कापणीची शेतं काढली, नुसते ठिपके आणि तुटक रेघा, तरी ऊन अंगावर येतं. आणि पाठमोरी म्हणाल तर बुडख्याशी कोयता घालायचा म्हणजे वाकावंच लागतं ना?

फडकरी :
ऊन आलं अंगावर, पण त्यात कापणारा केवढा दिसतो? मुंगीएवढा! आणि बाई दिवसभर वाकलेली नसते हो. ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढते, तेव्हा मान ताठ आणि नजर पायाकडे, फळी हलते म्हणून. हे बांधावर उभं राहून फोटो काढून घरी ट्रेस करणाऱ्याला कुठनं कळणार.

निबवाली :
मी दोघांच्या मधे नाही, फडकरींच्या बाजूनं आहे, फक्त 'काढू नये' सोडून. चित्रकार चित्तप्रसाद १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात मिदनापूर भागात पायी फिरले, माणसांसमोर बसून शाईत काढलं, चित्रांसोबत त्या माणसांची हकीकतही लिहिली. इंग्रज सरकारनं ते 'हंग्री बंगाल' पुस्तक जप्त करून जाळलं. चित्र नुसतं देखणं असतं तर कोण कशाला जाळेल?

बोरूवाला :
ट्रेसिंगचं मान्य, मीही करतो ते. पण अनोळखी बाईसमोर वही उघडून बसायचं म्हणजे तिचं काम खोटी होतं, तोडीची मजुरी टनावर असते, ते बरोबर आहे का?

फडकरी :
खोटी करू नका. रात्री गाडी भरून झाली की कोपीपुढं चूल पेटते तेव्हा या. आई बोलेल, नाव सांगेल. ते चित्राखाली लिहा.