सुकुमार राय यांच्यावर मुलांसाठी चार पानं: काय घ्यावं?

मुलांचा_अंक
वाचनालयाच्या मुलांच्या दिवाळी अंकात बंगाली कवी सुकुमार राय यांच्यावर चार पानं द्यायची आहेत. गमतीच्या कवितांखेरीज त्यांनी काय काय केलं, घरी कोण होतं, हे सांगायचंय. एखादी कविता मराठीत आणून त्यांच्याच चित्रासह छापली तर चालेल का?

खिळेजुळारी
एक पान छपाईला द्याच, त्यांचं पोट त्यावर होतं. प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिक आणि रसायनशास्त्र, मग 1911 मध्ये शिष्यवृत्तीवर इंग्लंडला. लंडन आणि मँचेस्टरला ते फोटोवरून ब्लॉक (छपाईचे धातूचे ठसे) बनवायला शिकले. वडील उपेंद्रकिशोर स्वतः हाफटोनचे (ठिपक्यांतून फोटो छापण्याच्या पद्धतीचे) मोठे जाणकार, कलकत्त्याची 'यू. राय अँड सन्स' ही छपाईची पेढी त्यांचीच.

हाफटोन समजवायला मुलांच्या हातात भिंग द्या आणि वर्तमानपत्रातला काळा-पांढरा फोटो बघायला सांगा. राखाडी रंग कुठेच नसतो, नुसते ठिपके: गडद जागी मोठे, उजळ जागी बारीक. त्या काळी कॅमेऱ्यात प्लेटसमोर उभ्या-आडव्या रेघांची काचेची जाळी धरून हे ठिपके पाडत. जाळी आणि प्लेट यांतलं अंतर चुकलं की छटा बिघडायच्या. ते अंतर हिशेबानं कसं बसवायचं, यावर उपेंद्रकिशोरांनी लेख लिहिलेत. बारीक जाळीचा ब्लॉक खरबरीत कागदावर छापला तर शाई फटींमध्ये भरते आणि चेहरे काळवंडतात.

गारपार_रोड
घराचं थोडक्यात. 1913 मध्ये वडिलांनी मुलांसाठी 'संदेश' मासिक काढलं, सुकुमार परतले आणि सुप्रभा दास यांच्याशी त्यांचं लग्न झालं. 1915 मध्ये वडील गेले, छापखाना आणि मासिक दोन्ही अंगावर आली. दर महिन्याला पानं भरायची, म्हणून कविता, गोष्टी, विज्ञानाचे लेख, चित्रं सगळं करायचे. बहीण सुखलताही मुलांसाठी लिहायच्या.

2 मे 1921 ला मुलगा सत्यजित (पुढे नावाजलेले चित्रपट दिग्दर्शक) जन्मले. त्याच वर्षी सुकुमारना काळा आजार जडला. आजारपणातही लिहिणं आणि चित्रं काढणं थांबलं नाही. 10 सप्टेंबर 1923 ला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ते गेले आणि 'आबोल ताबोल' हे गमतीच्या कवितांचं पुस्तक नऊ दिवसांनी बाहेर आलं. ही तारीख वगळू नका, मुलांना ती बरोबर भिडते. सत्यजित वडिलांच्या हाताखाली तयार झाले, असं मात्र लिहू नका. तेव्हा ते अडीच वर्षांचेही नव्हते. 1961 मध्ये त्यांनी 'संदेश' पुन्हा सुरू केला.

जोडाक्षर
मूळ कवितेचे आणि चित्रांचे हक्क कधीच संपलेत. कुणाचा तयार अनुवाद घेतलात तर त्याची परवानगी लागेल.

स्वतः करणार असाल तर 'आबोल ताबोल'मधली 'खिचुडि' (खिचडी) ही कविता घ्या. त्यात हाँस (बदक) आणि सजारू (साळिंदर) मिळून 'हाँसजारू' होतो. पहिल्या नावाचं शेवटचं अक्षर हेच दुसऱ्याचं पहिलं. शब्दशः गेलात तर 'बदकसाळिंदर' होईल आणि सगळी मजा जाईल. मराठीत गाठ बसणारे प्राणी शोधा: कासव आणि वटवाघूळ, 'कासवटवाघूळ'. उंदीर आणि रेडा, 'उंदिरेडा'. पण मग मूळ चित्र जुळणार नाही. म्हणून एक कडवं बंगालीत, देवनागरी अक्षरांत, त्यांच्या चित्रासह द्या आणि शेजारी मराठी कडव्याला मुलांकडून चित्रं काढून घ्या.

मुलांचा_अंक
हे मस्त जमेल. चित्र स्कॅन कसं करू?

खिळेजुळारी
त्यांची ती चित्रं शाईच्या रेघांची आहेत. निव्वळ काळं-पांढरं, 1200 डीपीआयवर (इंचाला 1200 ठिपके) करा. ग्रेस्केल (राखाडी छटा) ठेवलंत तर छापताना रेघेच्या कडा ठिपक्याठिपक्यांच्या होतात.